रंगीत पेन्सिलीचं चित्र पाहताना



रंगीत पेन्सिल म्हटलं की आपल्याला शाळेचं दप्तर आठवतं, आणि आपण तिला तिथंच सोडून देतो. मासिकांसाठी, पुस्तकांसाठी, जाहिरातींसाठी चित्रं काढणाऱ्या कितीतरी चित्रकारांचा मात्र या साध्या साधनावर फार जीव असतो. त्याचं एक कारण त्यांच्या व्यवसायातच आहे, असं मला वाटतं.

चित्रकार दीनानाथ दलालांचंच पाहा. १९१६ साली मडगावात जन्म, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिक्षण, १९४५ पासून स्वतःचं ‘दीपावली’ नियतकालिक, आणि १९७१ साली निधन होईपर्यंत मुखपृष्ठं आणि कथाचित्रं. त्यांची ख्याती जलरंगांची आणि रेषेची. पण त्यांचं चित्र वाचकाच्या हाती पडायचं ते ब्लॉकवरून छापून. रंगीत मुखपृष्ठासाठी पिवळा, लाल, निळा असे वेगवेगळे ब्लॉक करायचे आणि एकाच कागदावर एकावर एक छापायचे. भिंग लावलं तर नुसते ठिपके दिसतात. हिरवं पान होतं ते आपल्या डोळ्यात. ज्याचं आयुष्य छापखान्याच्या संगतीत गेलं, त्याला हिरवा म्हणजे पिवळ्यावर चढलेला निळा, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

रंगीत पेन्सिल हेच काम हातानं करते. तिच्यात शिसं नसतं. रंगद्रव्य, माती आणि मेण किंवा तेल असतं. रंग ओला नसल्यामुळे पॅलेटवर कालवता येत नाही. तो कागदाच्या खरखरीत दाण्यावर अडकतो आणि दोन दाण्यांमधून खालचा थर डोकावत राहतो. म्हणून असं चित्र आधी लांबून पाहा आणि मग अगदी जवळ जा. सावलीत किती रंग आहेत ते शोधा. चांगल्या हाताची काळी सावली बहुधा काळ्या पेन्सिलीची नसतेच. गडद निळा, तपकिरी, हिरवा यांचे थर एकमेकांत मुरलेले असतात. वेरूळच्या कैलास लेण्याचा दगडसुद्धा नुसता काळा रंगवला तर तो कोळसा दिसेल.

आणि पांढरा? तो बहुतेक वेळा लावायचा नसतो, राखायचा असतो. गडद रंग बसल्यावर तो पूर्ण पुसला जात नाही, त्यामुळे उजेडाची जागा पहिल्या रेघेआधीच ठरवावी लागते. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यासमोर एखाद्या सकाळी उभे राहा. घुमट संगमरवराचा, पण भिंतींचा बराच भाग चुन्याच्या गिलाव्याचा. दोन्हींना आपण पांढरंच म्हणतो. संगमरवर उजेड आत घेतो, गिलावा तो वरच्यावर परतवतो. कमानीच्या सावलीत निळसर, जांभळट झाक असते, तर उन्हाकडच्या बाजूला पिवळट. हे पाहून आलात, की चित्रातला कोरा सोडलेला कागद रिकामा वाटणार नाही. ती जागा चित्रकारानं तासन्‌तास सांभाळलेली असते!

असं चित्र घरी आणलंत तर थेट उन्हाच्या भिंतीवर लावू नका. गुलाबी आणि जांभळे रंग बहुधा आधी उडतात. आणि फ्रेमवाल्याला माउंट घालायला जरूर सांगा, म्हणजे काच मेणाच्या थराला टेकणार नाही.