मेघचित्रांची माळ आणि भूगोलाचा पाठ

(शिक्षकांच्या केंद्र-संमेलनातील व्याख्यान)



प्राथमिक शाळेतील भूगोलाच्या अध्यापनात एक अडचण फार जुनी आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात, हे वाक्य विद्यार्थी घडाघडा म्हणून दाखवतो. परंतु ते येणे त्याने कधी पाहिलेले नसते. त्याच्या वाट्याला आलेले आभाळ गावच्या एका डोंगरापासून दुसऱ्या डोंगरापर्यंतचे. ढग त्याच्या आड कोठून आला व पुढे कोठे गेला, हे त्याला ऐकूनच मान्य करावे लागते.

ही उणीव भरून काढणारे एक साधन आज शिक्षकाच्या हाताशी आले आहे. हवामान-उपग्रहांनी ठरावीक अंतराने घेतलेली पृथ्वीची चित्रे क्रमाने जोडून वेगाने दाखवली, म्हणजे दोन-तीन दिवसांचा ढगांचा प्रवास काही सेकंदांत डोळ्यांपुढून जातो. अशा चित्रफितीस ‘टाइमलॅप्स’ म्हणतात. दूध आटवावे तसा तीत काळ आटवलेला असतो. ती सिद्ध कशी करावी आणि करताना कोणता विवेक बाळगावा, याचा येथे विचार करावयाचा आहे.

पहिला यशस्वी हवामान-उपग्रह ‘टायरॉस-१’ हा १ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेतून सोडला गेला. तो पृथ्वीभोवती जवळून घिरट्या घालीत असल्यामुळे एकाच प्रदेशावर त्याची नजर खिळून राहत नसे. डिसेंबर १९६६ मध्ये ‘एटीएस-१’ हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर गेला. त्या उंचीवरील उपग्रहाची एक फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतक्याच वेळात पुरी होते. म्हणून पृथ्वीवरून पाहता तो एकाच जागी स्थिर भासतो. व्हर्नर सुओमी व रॉबर्ट पेरेंट यांनी सिद्ध केलेला कॅमेरा त्याच्यावर बसवलेला होता. त्यामुळे जागा तीच व ढग मात्र हललेले, अशी चित्रे एकापाठोपाठ एक मिळू लागली. भारतासाठी हे काम १९८३ पासून इन्सॅट मालिकेतील उपग्रह करीत आले असून, त्यांतील ‘इन्सॅट-३डीएस’ हा फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडण्यात आला. ही चित्रे भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येतात.

चित्रफीत करण्याची रीत अवघड नाही. एकाच उपग्रहाची, एकाच प्रकारची आणि अगदी तेवढाच प्रदेश दाखवणारी चित्रे घ्यावीत. अन्यथा ढगांऐवजी किनाराच उड्या मारू लागतो. चित्रांना ००१, ००२, ००३ असे क्रमांक द्यावेत. नुसते १, २, ३ दिल्यास संगणक पुष्कळदा १ नंतर १० व ११ मांडतो आणि मग २ घेतो. ढग पुढे जाऊन मागे येतात व वर्गात हशा पिकतो. चित्रावरील वेळ बहुधा ग्रीनिचची असते. तीत साडेपाच तास मिळवले म्हणजे भारतीय वेळ मिळते. ०६०० असे छापलेले चित्र आपल्याकडील सकाळी ११-३० चे होय.

येथे गणिताचाही पाठ आपोआप होतो. ‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी दुपारी रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. १ ते ३ जून या तीन दिवसांची, दर अर्ध्या तासास एक याप्रमाणे, १४४ चित्रे होतात. सेकंदास १२ चित्रे दाखवली तर चित्रफीत १२ सेकंदांची होईल, आणि तिचा एक सेकंद म्हणजे प्रत्यक्षातील ६ तास. हा हिशेब मुलांकडून आधी करून घ्यावा. तो केला नाही तर वादळ खरोखरच असे भिंगरीसारखे धावते, असा समज मुलांच्या मनात घर करील.

रंगांविषयीही सावध राहावे. सूर्यप्रकाशात घेतलेली चित्रे रात्री काळी पडतात. म्हणून अखंड चित्रफितीसाठी अवरक्त किरणांची चित्रे घ्यावी लागतात. त्यांत उष्णता मोजलेली असते. जितका ढगाचा माथा उंच व थंड, तितका तो पांढरा दाखवण्याची प्रथा आहे. तांबडा-पिवळा रंग दिसलाच, तर तो तापमान ओळखण्यासाठी मागाहून भरलेला असतो.

जुलै महिन्याची चित्रफीत दाखवताना एखादा चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल, “गुरुजी, पुस्तकात वारे नैर्ऋत्येकडून येतात असे लिहिले आहे, पण हे ढग तर पश्चिमेकडे चालले आहेत!” त्याला गप्प बसवू नये, त्याने बरोबर पाहिले आहे. मोसमी वारे खालच्या थरातून येतात. त्यांच्या फार वर, सुमारे १४ ते १६ किलोमीटर उंचीवर, पावसाळ्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे वेगवान वारा वाहतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली त्याचे विवेचन केले. चित्रात ठळक दिसणारे उंच ढग त्या वाऱ्याबरोबर जातात आणि खालच्या ढगांना झाकून टाकतात. पुस्तक खोटे नाही व डोळेही खोटे नाहीत. दोघे निरनिराळ्या मजल्यांविषयी बोलत आहेत. एवढे उमगले तरी त्या पाठाचे सार्थक झाले.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट तारखेची. वादळाच्या दिवसांत जुन्या चित्रफिती नव्या म्हणून मोबाइलवर गावोगाव फिरतात. कोणी घाबरून गुरे सोडून देतो, तर दोनदा फसलेला मनुष्य तिसऱ्या वेळी खरा इशाराही हसण्यावारी नेतो. अशा वेळी गावकरी शाळेकडे वळतात आणि “गुरुजी, हे खरे का?” असे विचारतात. म्हणून शाळेत होणाऱ्या प्रत्येक चित्रफितीतील प्रत्येक चित्रावर तारीख व वेळ असलीच पाहिजे. एखादे चित्र न मिळाल्यास शेजारचे दोनदा लावून ती उणीव झाकू नये. त्या जागी कोरे पान घालून त्यावर वेळ लिहावी. चित्रफीत काय घडले ते दाखवते. काय घडणार हे सांगण्याचा अधिकार हवामान विभागाचा. गावकऱ्यांना विभागाचा त्या दिवसाचा इशारा वाचून दाखवावा आणि स्वतःचा अंदाज त्यात मिसळू नये.

जेथे पडदा वा संगणक नाही, तेथेही हे काम अडत नाही. भारताच्या नकाशाचे एकसारखे आठ आराखडे घ्यावेत. दर तीन तासांच्या चित्रातील ढगांची कड एकेका आराखड्यावर मुलांनी पेन्सिलीने काढावी, आणि कागद एकावर एक टाचून अंगठ्याने भरभर सोडावेत. ढग चालू लागतो. स्वतः काढलेल्या रेषा चालताना पाहण्याचा आनंद मोठ्या पडद्याहून उणा नसतो.

यंदाच्या पावसाळ्यात प्रत्येक शाळेने निदान एक आठवडा हा प्रयोग करावा. रोज ११-३० वाजता दोन विद्यार्थ्यांनी अंगणात जाऊन आभाळाची नोंद करावी: ढग किती, कोणत्या दिशेने चालले आहेत, पाऊस आहे की नाही. मग त्याच वेळेचे उपग्रहचित्र मिळवून नोंदीशेजारी ठेवावे. दोन्ही जुळली तर का जुळली आणि न जुळली तर का नाही, याची चर्चा वर्गात व्हावी. आठवड्याअखेर ती नोंदवही पुढील वर्गासाठी शाळेत जपून ठेवावी.