संगणकाची नजर कोणावर?

(रायपूर येथील ब्राह्मणपारा वस्तीत पक्षसभासदांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माहितीयंत्रणेच्या वापरातील नीतीचा प्रश्न केवळ पंडितांच्या चर्चेचा नाही. रास्त भावाच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या कष्टकऱ्याच्या पिशवीत तांदूळ पडणार की नाही, हे आज यंत्रातील नोंदीवर ठरते. मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात यंत्र आणि यंत्राचा भांडवली वापर यांत भेद केला. तोच भेद येथे करावा लागेल.

छत्तीसगडने २००४ च्या आदेशाने रास्त भाव दुकाने खाजगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था व महिला बचत गटांकडे सोपविण्याचे ठरविले. पुढे गोदामापासून दुकानापर्यंतचा हिशेब संगणकावर आला. धान्याचा ट्रक निघाल्याची वार्ता नोंदणी केलेल्या नागरिकांना मोबाईलवर मिळू लागली. २०१२ साली याच रायपूर शहरात शिधापत्रिकाधारकाला पसंतीच्या दुकानातून धान्य उचलण्याची सोय सुरू झाली. यंत्राची नजर तेव्हा धान्य वाटणाऱ्यावर होती आणि निवडीचा हक्क गरिबाच्या हाती आला होता.

८ फेब्रुवारी २०१७ रोजी केंद्र सरकारने शिध्यासाठी आधारची सक्ती करणारी अधिसूचना काढली आणि ही नजर उलटी फिरली. आता धान्य घेणाऱ्यानेच आपण खरे आहोत, हे सिद्ध करावयाचे! विटा वाहून, दगड फोडून बोटांच्या रेषा झिजतात. मग अंगठा जुळत नाही आणि माणूस रिकाम्या हाताने परततो. उलट, काटा मारणारा दुकानदार मात्र अंगठ्याच्या ठशाने पकडला जात नाही.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. तरी २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने कल्याणकारी योजनांतील आधार कायम राहिले. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी मात्र तो कायदाच घटनाबाह्य ठरविला. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने शासनाला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा दिली आणि माहिती अधिकार कायद्याच्या संबंधित कलमातील व्यापक जनहिताची तरतूद वगळली. नागरिक पारदर्शक आणि शासन पडद्याआड, असा हा उफराटा न्याय आहे.

यावर यंत्र फोडणे हा उपाय नव्हे. मागण्या स्पष्ट हव्यात. लेखी सूचना व सुनावणीशिवाय एकही नाव वगळू नये. यंत्र अडले तर त्याच दिवशी वहीत नोंद करून धान्य द्यावे. शिध्यासाठी घेतलेली माहिती अन्य कामाला वापरू नये. दुकानाचा साठा मात्र सर्वांसाठी खुला असावा.

पक्षशाखांनी वस्तीवस्तीत वंचितांच्या याद्या कराव्यात. त्या करतानाही प्रत्येक कुटुंबाची संमती घ्यावी व यादी इतरत्र जाऊ देऊ नये. शासनाकडे मागावयाची नीती प्रथम संघटनेने पाळली, तरच जनता या लढ्यावर विश्वास ठेवील.