डॉक्टर आणि पोलीस



माहीमच्या लेडी जमशेटजी रोडच्या आतल्या गल्ल्यांत अजून असे दवाखाने आहेत, जिथले डॉक्टर घरातल्या तीन पिढ्यांना नावानिशी ओळखतात. अशा डॉक्टरांना एखाद्या मुलीला तपासताना भलतीच शंका येते. आई हळूच म्हणते, "डॉक्टर, घरातलंच आहे. औषध द्या, वाच्यता नको."

कायद्याला ही भीड चालत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी धास्ती वाटली, तरी पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. 'आधी खात्री करू, मग बघू' म्हणणारे डॉक्टर इथेच फसतात. खात्री करणं पोलिसांचं काम. सद्‌हेतूनं दिलेली माहिती पुढे टिकली नाही, तरी डॉक्टरांवर खटला होत नाही. त्या आईला सरळ सांगावं, "ताई, मी गप्प बसलो तर गुन्हा माझ्यावर येतो."

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं प्रकरण आठवा. आदिवासी मुलींच्या वसतिगृहात अत्याचार झाले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी कळवलं नाही, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. मला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय योग्यच वाटतो. वसतिगृहातल्या मुलीनं डॉक्टरांना नाही सांगायचं, तर कुणाला?

अशा मुलीच्या उपचारांसाठी एफआयआरची वाट पाहायची नाही. खासगी रुग्णालयानंही ते लगेच आणि मोफत द्यायचे. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनं करायची, तिच्या विश्वासातलं माणूस जवळ ठेवून. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर तिच्या आणि पालकांच्या विनंतीवरून कळवताना तिचं नाव वगळता येतं. हेही सर्वोच्च न्यायालयानंच २०२२ मध्ये सांगितलं.

नुसत्या मारहाणीचं मात्र निराळं. पाठीवर पट्ट्याचे वळ घेऊन मूल आलं, तर कलम १९ लागत नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७५ क्रूरतेला शिक्षा सांगतं, पण डॉक्टरांनी कळवलंच पाहिजे असं त्या कलमात नाही. मोठ्या रुग्णालयांत मेडिकोलीगल नोंद होते. गल्लीतल्या दवाखान्यात सगळं डॉक्टरांच्या मनावर. त्यांनी निदान १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक फिरवावा. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत.