चौदा मीटर राहिले

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस ‘जपानचा प्रवास’ हा विषय नेमून दिला आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारी हयात खडू-फळ्याच्या सहवासात गेलेली. तेव्हा विद्वत्तापूर्ण व्याख्यानाची अपेक्षा कोणी करू नये. आम्ही फक्त एका डोंगराची हकीकत सांगणार आहो. त्या डोंगराच्या माथ्याला आम्ही पोहोचलो नाही, हे आरंभीच कबूल करतो.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त तोक्यो शहरी असतात. 2023 च्या ऑक्टोबरात आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. कळसूबाईला शाळेची मुले घेऊन आम्ही अनेकदा एस.टी.ने गेलो आहो. म्हणून तेथेही सर्वांसाठी असलेल्या गाडीने जाऊन चढता येईल असा डोंगर दाखवावा, असा हट्ट आम्ही धरला. चिरंजीवांनी तानिगावा या पर्वताचे नाव काढले, आणि लगेच म्हणाले, “अण्णा, हा डोंगर कळसूबाईसारखा नाही. नीट विचार करा.” विचार करण्याचे वय आमचे, पण उत्साहाच्या भरात तो राहून गेला.

हा पर्वत गुन्मा आणि निइगाता या दोन प्रांतांच्या सीमेवर उभा आहे. त्याला मांजराच्या कानांसारखी दोन टोके आहेत. अलीकडचे तोमा-नो-मिमी 1963 मीटर, पलीकडचे ओकी-नो-मिमी 1977 मीटर. ‘मिमी’ म्हणजे कान. हिमालयापुढे ही उंची ती काय, असे कोणी म्हणेल. परंतु 1931 पासून या एका पर्वताने आठशेहून अधिक माणसांचे बळी घेतले आहेत. त्यांतील पुष्कळसे इचिनोकुरा वगैरे उभ्या कड्यांवर दोराने चढणारे होते. हे प्रमाण इतके वाढले की 1966 साली गुन्मा प्रांताने अपघात टाळण्यासाठी या पर्वतापुरता स्वतंत्र नियम केला.

आता 1931 हेच साल का, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या वर्षी या डोंगराखालून 9,702 मीटर लांबीचा शिमिझु बोगदा खुला झाला आणि तोक्योची आगगाडी थेट पायथ्याशी येऊ लागली. आठवड्यातून एकच दिवस सुटी मिळणारा नोकरदार रात्रीच्या गाडीने यावा, दिवसा चढावा आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हावा, हे शक्य झाले. गाडीने डोंगर जवळ आणला. पण सोपा केला नाही. जवळचे ते सोपे, हा माणसाचा जुना भ्रम आहे.

आम्ही उएनो स्थानकावरून पहाटेच्या पहिल्या गाडीने निघालो. ताकासाकी आणि मिनाकामी येथे गाडी बदलून साडेआठच्या सुमारास दोआई या स्थानकावर उतरलो. हे स्थानक म्हणजे एक नवलच आहे. 1967 साली दुसरा, साडेतेरा किलोमीटरांचा बोगदा झाला. तेव्हापासून तोक्योकडून येणारी गाडी त्याच्या पोटात, जमिनीखाली सुमारे सत्तर मीटर खोल थांबते. परतीची गाडी मात्र वर उजेडात मिळते. खालून वर येण्यास 486 पायऱ्या आहेत. सरकता जिना नाही, पाळणा नाही. ओलसर गारव्यात आम्ही पायऱ्या मोजीत चढलो आणि डोंगर सुरू होण्यापूर्वीच घामाघूम झालो.

स्थानकाकडून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर मृतांचे स्मारक आहे. दगडावर नावांच्या ओळीच्या ओळी कोरल्या आहेत. आम्ही चालता चालता एकदा पाहिले आणि पुढे गेलो.

माथ्याकडे जाण्यास दोन वाटा आहेत. तारेवरच्या पाळण्यात, म्हणजे रोपवेत बसून तेन्जिन-दाइरापर्यंत जावे आणि तेथून चालावे, ही सोपी. दुसरी निशिकुरो नावाच्या धारेची. जपानातील तीन अत्यंत खड्या चढणींत तिची गणना होते. चढताना धार आणि उतरताना पाळणा, असे आम्ही ठरविले. चिरंजीवांनी रोपवेची शेवटची फेरी आणि दोआईची संध्याकाळची गाडी पाहून कागदावर एक वेळ लिहिली : दीड वाजता, जेथे असू तेथून उतरणे. आम्ही मान डोलाविली. वेळापत्रकाचा आदर आम्ही शिकवावा आणि आम्हीच तो करू नये, असे कसे होईल!

आधी दाट झाडी, मुळांच्या पायऱ्या. मग उघडा खडक आणि धरावयास साखळ्या. हा खडक असा की ओला झाला तर साबणासारखा निसटतो. सुदैवाने तो दिवस कोरडा होता. उतार लाल-पिवळ्या पानांनी पेटल्यासारखे दिसत होते. चिरंजीव पुढे जात, थांबत, हात देत; पूर्वी कळसूबाईच्या शिड्यांवर आम्ही त्यांना देत असू तसा. तोमा-नो-मिमीच्या खांबाला आम्ही हात लावला तेव्हा एक वाजून पंचवीस मिनिटे झाली होती.

समोर, धारेच्या पलीकडे, ओकी-नो-मिमी. पाव तासाची वाट; उंचीने केवळ चौदा मीटर अधिक. आम्ही म्हटले, “जाऊन येऊ.” चिरंजीव म्हणाले, “नाही अण्णा. जायला-यायला अर्धा तास.” आम्ही रागावलो. एवढ्या दूर येऊन चौदा मीटरांसाठी फिरावे? आवाज थोडा चढला, हे सांगावयास लाज वाटते. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “कागदावर वेळ लिहिली तेव्हा तुम्ही होय म्हणालात. आता तुमचे पाय थकले आहेत, आणि उतार अजून बाकी आहे.”

आम्ही उत्तर शोधीत असतानाच निइगाताच्या अंगाने ढग वर चढला आणि समोरचे टोक दिसेनासे झाले. समुद्राकडून येणारा दमट वारा या धारेवर अडतो. म्हणून तेथील हवा अशी घटकेत पालटते. आम्ही मुकाट्याने वळलो.

उतरताना गुडघे थरथरू लागले. दोन तासांची वाट, आम्हांस पावणेतीन लागले. पाळण्याच्या स्थानकाशी पोहोचलो तेव्हा शेवटच्या फेरीस थोडाच अवकाश होता. आमच्या हट्टातला अर्धा तास त्यातून वजा केला असता, तर अंधारात, त्या पायांनी, उरलेला डोंगर उतरावा लागला असता.

दोआईकडे परतताना त्या स्मारकाशी आम्ही या वेळी थांबलो. अक्षरे वाचता येत नव्हती. चिरंजीवांनी काही नावे वाचून दाखविली. त्यांतील कित्येकांना पुढचे टोक असेच जवळ दिसले असेल, असे मनात आले. आम्ही टोपी काढून हात जोडले.

विद्यार्थी मित्रांनो, ‘मागे फिरू नका’ हा सुविचार आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला. मुलांनी तो वहीत उतरविला. काहींनी तो मनाला इतका लावून घेतला की एका परीक्षेतील अपयशाने ती खचून गेली, आणि तेव्हा त्यांना सांगावयास आमच्यापाशी दुसरा सुविचार नव्हता. आज ज्यांची नावे येथे वाचली गेली त्यांचे अभिनंदन. परंतु ज्यांचे थोड्या गुणांनी राहिले आणि जे मागच्या रांगांत बसले आहेत, त्यांनाही आम्हांस काही सांगावयाचे आहे. वेळेवर उतरलेल्यालाच दुसऱ्या दिवशीची गाडी मिळते. डोंगर जागचा हलत नाही.

आणि आईबापांना एवढीच विनंती : मुलाने ‘आता पुरे’ म्हटले, तर रागावण्यापूर्वी त्याच्या हातातला कागद एकदा पाहा.

ओकी-नो-मिमी आम्ही पाहिले नाही. चिरंजीव पुन्हा बोलावीत आहेत. ह्या खेपेस पहाटेच्या गाडीने न जाता आदल्या रात्री पायथ्याशी मुक्काम करावा, असे आम्हीच सुचविले आहे.