तापीकाठची एक गोष्ट आणि आपलं रक्त

(गणेशोत्सवातील भाषण)



बाप्पाच्या मांडवात बाळंतपणाचा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. पण आपण बुऱ्हाणपूरकर. १७ जून १६३१ रोजी मुमताजमहल याच गावात चौदाव्या बाळंतपणात गेली. तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात तिला आधी दफन केलं, मग आग्र्याला नेलं. कारण रक्तस्राव, असं सांगतात. हकीम, दाया, खजिना सगळं होतं. रक्त चढवण्याची सोय मात्र तेव्हा जगात कुठेच नव्हती.

मी डॉक्टर नाही, डिप्लोमा केलेला सरकारी नोकर आहे. तरी एका दुर्मीळ गुंतागुंतीबद्दल सांगतो. बाळंतपणात कधी गर्भजल आईच्या रक्तात शिरतं आणि शरीर एकदम बिथरतं. धडधाकट बाईला अचानक धाप लागते, रक्तदाब कोसळतो, हृदय थांबू शकतं. मग रक्त गोठेनासं होतं आणि स्राव थांबत नाही. १९४१ साली अमेरिकेत स्टायनर आणि लशबॉ यांनी हा आजार नीट मांडला. साधारण चाळीस हजार बाळंतपणांत एखादीला होतो, असा अंदाज आहे.

तो आधी ओळखता येत नाही, टाळताही येत नाही. म्हणून असं घडलं तर सुनेच्या खाण्यापिण्याला किंवा तिच्या पायगुणाला बोल लावू नका. हाती एवढंच असतं, की त्या क्षणी ऑक्सिजन, भूल देणारे डॉक्टर आणि रक्त जवळ असावं. म्हणून बाळंतपण दवाखान्यातच करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते, ती चुकवू नका. रक्तगट आणि हिमोग्लोबिन वेळेवर पाहून घ्या.

एक कबुली देतो. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या बहिणीला बाळंतपणात रक्त लागलं. बाहेर आम्ही घरचे चार पुरुष उभे होतो आणि चौघेही एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी एका अनोळखी रिक्षावाल्याने रक्त दिलं. बहीण वाचली, भाचा आता नववीत आहे. त्या दिवसाची लाज मला अजून वाटते. तेव्हापासून वर्षातून दोनदा मी रक्त देतो.

अठरा ते पासष्ट वयाच्या निरोगी माणसाला रक्त देता येतं. पुरुषांनी तीन महिन्यांनी, बायकांनी चार महिन्यांनी पुन्हा द्यावं. आपल्या राजपुऱ्यातल्या प्रत्येक घराने आज वर्गणीच्या वहीत रकमेशेजारी आपला रक्तगटही लिहावा, एवढंच मागणं आहे.

गणपती बाप्पा मोरया!