कंपनीचा पत्ता गावातच हवा



आपल्या करसल्लागार आणि कंपनी सचिवांच्या परिषदा बहुधा संभाजीनगरला नाहीतर पुण्याला होतात. ही परिषद तुम्ही सिरसाळ्यात घेतलीत. त्यामुळे परळी, माजलगाव, धारूर, वडवणी भागातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आज आपल्यासमोर बसले आहेत. ज्यांच्यासाठी आपण कागद तयार करतो ती माणसं समोर असताना बोलायला मिळणं हा मी माझा सन्मान समजतो. तुम्ही मला अध्यक्षपद दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

आज मला एकाच विषयावर बोलायचं आहे, आणि तो आहे कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय. विषय किरकोळ वाटेल. अर्ज भरताना पत्त्याचा रकाना आपण दोन मिनिटांत भरून पुढे जातो. पण आपल्या भागातल्या कंपन्यांचं जे नुकसान मी पाहतो, त्यातलं बरंचसं या रकान्यापासून सुरू होतं.

कंपनी म्हणजे कायद्यानं निर्माण केलेली व्यक्ती. तिला हात नाहीत, दार नाही. मग तिला नोटीस द्यायची कुणी, कुठे आणि कुणाच्या हातात? जगभरच्या कायद्यांना हा प्रश्न सोडवावा लागला आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांच्या कायद्यानं कंपनीला त्या राज्यात एक नोंदणीकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. डेलावेअर राज्यात या प्रतिनिधीचं कार्यालय खऱ्या रस्त्यावर असावं लागतं, नुसती टपालपेटी चालत नाही, आणि समन्स घ्यायला तिथं माणूस हजर असावा लागतो. प्रतिनिधीनं काम सोडलं आणि कंपनीनं मुदतीत दुसरा नेमला नाही, तर कंपनीची सनदच जाते. आपल्याकडची जी मुलं तिकडे कंपन्या काढतात ती दरवर्षी या प्रतिनिधीची फी भरतात. विल्मिंग्टन शहरातला १२०९, नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट हा एकच पत्ता अडीच लाखांहून जास्त कंपन्यांनी दिल्याचं जगभर गाजलं होतं.

भारतानं हा मार्ग फक्त परदेशी कंपन्यांसाठी ठेवला. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ३८० नुसार इथं व्यवसाय सुरू करणाऱ्या परदेशी कंपनीला ३० दिवसांच्या आत, तिच्या वतीनं समन्स आणि नोटिसा स्वीकारील अशा भारतातल्या रहिवाशाचं नाव आणि पत्ता कंपनी निबंधकाकडे द्यावा लागतो. देशी कंपनीला मात्र कायदा सांगतो, तुझं स्वतःचं दार दाखव. त्याच कायद्याचं कलम १२ म्हणतं की स्थापनेपासून ३० दिवसांच्या आत, आणि त्यानंतर कायम, कंपनीला असं कार्यालय हवं जे तिच्या नावानं येणारी पत्रं आणि नोटिसा घेऊ शकेल आणि पोच देऊ शकेल. पत्ता नुसता खरा असून भागत नाही. त्या जागी पत्र घेणारं कुणीतरी असावं लागतं आणि त्याची सही चालावी लागते. हा अर्धा भाग आपण सगळे विसरतो.

आता आपल्या गावांकडे या. शेतकरी उत्पादक कंपनीची तरतूद वाय. के. अलघ समितीच्या शिफारशीवरून २००२ मध्ये १९५६ च्या कायद्यात आली. २०२० च्या दुरुस्तीनं ती नव्या कायद्यात कलम ३७८अ पासून पुढे बसवली गेली. दहा उत्पादक एकत्र आले की कंपनी होते. ज्याचे शेअर जास्त त्याचं वजन जास्त, असं इथं नाही. प्रत्येक सभासदाला एकच मत. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रानं दहा हजार उत्पादक संस्थांची योजना जाहीर केली, राज्यात ‘स्मार्ट’ प्रकल्प आला, आणि कापूस, सोयाबीन, तूर पिकवणाऱ्या आपल्या गावांत कंपन्या निघाल्या. निघाल्या ही आनंदाची गोष्ट आहे.

पण त्यांचे पत्ते पाहा. एक तर पत्ता असतो जिल्ह्याच्या ठिकाणी सल्लागाराच्या कार्यालयाचा. एकाच खोलीत अनेक कंपन्या. सल्लागार म्हणतो, “दादा, काळजी करू नका, पत्र आलं की मी कळवतो.” त्याची नियत चांगलीच असते. पण फी थकते, बोलणं बंद होतं, किंवा तो दुसऱ्या शहरात जातो, आणि कंपनीच्या नावानं आलेले लिफाफे त्या टेबलाखाली साचतात.

नाहीतर पत्ता असतो गावातल्या एका संचालकाच्या घराचा. आणि दसरा झाला की आपल्या जिल्ह्यात काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. गाड्या भरतात, टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, आणि घरं उन्हाळा लागेपर्यंत कुलूपबंद राहतात. घरी असलीच तर म्हातारी आई. पोस्टमन येतो, “मावशी, कंपनीच्या नावानं कागद आलाय, सही करा.” मावशी म्हणते, “इथं कसली कंपनी? पोरगा उसाला गेलाय.” लिफाफा शेरा मारून परत जातो: ‘घर बंद’, ‘पत्त्यावर आढळले नाहीत’, कधी ‘घेण्यास नकार’. मावशीनं काही चूक केलेली नाही. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २९ नुसार नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर टपालानं पाठवलेलं समन्स ही कंपनीवरची बजावणी असते. सर्वसाधारण खंड अधिनियमाचं कलम २७ सांगतं की योग्य पत्ता घालून, हशील भरून, नोंदणीकृत टपालानं पाठवलेलं पत्र पोचलं असं गृहीत धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. खतवाल्या कंपनीला दिलेला धनादेश वटला नाही, तिनं कलम १३८ ची नोटीस पाठवली, आणि लिफाफा ‘घर बंद’ म्हणून परत गेला. न्यायालयात नोटीस मिळालीच नाही हे शाबीत करायचं ओझं आता आपल्या कंपनीवर, आणि पैसे भरायचे पंधरा दिवस हातातून गेलेले.

निबंधकाच्या बाजूनं तर कायदा आणखी कडक झाला आहे. २०१७ मध्ये सरकारनं दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावं नोंदवहीतून काढली. २०१९ मध्ये जुन्या कंपन्यांकडून कार्यालयाचा बाहेरचा आणि आतला फोटो मागवला, आणि आतल्या फोटोत निदान एक संचालक दिसला पाहिजे अशी अट घातली. कलम १२ ला नवव्या पोटकलमाची जोड मिळाली: कंपनी व्यवसाय करत नाही असं मानायला वाजवी कारण असेल तर निबंधक कार्यालयाची प्रत्यक्ष पडताळणी करू शकतो. ऑगस्ट २०२२ मध्ये नियम २५ब आला, त्यात ही पडताळणी कशी करायची ते लिहिलं आहे. निबंधकाचा माणूस त्याच परिसरातले दोन स्वतंत्र साक्षीदार घेऊन येतो, गरज पडली तर पोलिसांची मदत घेतो, आपण अपलोड केलेली कागदपत्रं सोबत आणतो, जागेचा फोटो काढतो आणि अहवाल लिहितो. कार्यालय पत्र घेण्याच्या स्थितीत नाही असं दिसलं की कंपनीला आणि संचालकांना नोटीस जाते, ३० दिवसांची मुदत मिळते, आणि पुढे कलम २४८ खाली नाव काढण्याची कारवाई. ती नोटीसही त्याच पत्त्यावर येणार! दंड दिवसाला एक हजार, एक लाखापर्यंत. कंपनीला वेगळा, जबाबदार अधिकाऱ्याला वेगळा. उत्पादक कंपनीला कलम ४४६ब खाली तो निम्म्यापेक्षा जास्त लागत नाही. दंड मला फार मोठा वाटत नाही. नाव गेलं की बँकेचं खातं थांबतं, गोदामाच्या अनुदानाचा हप्ता थांबतो, आणि नाव परत मिळवायला राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते. दोन हजार रुपयांचा शेअर घेतलेल्या शेतकऱ्यानं मुंबईत वकील कुठून लावायचा?

मित्रांनो, आता पत्त्याची दुसरी बाजू, आणि मला ती नोटिशीपेक्षा मोठी वाटते. कायद्यानं उत्पादक कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा नोंदणीकृत कार्यालयात, किंवा ते ज्या शहरात वा गावात आहे तिथंच घ्यायची आहे. गणसंख्येसाठी एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश सभासद हवेत. चारशे सभासदांची कंपनी असेल तर शंभर माणसं. पत्ता संभाजीनगरचा असेल तर सिरसाळा भागातून शंभर शेतकरी कामाचा दिवस मोडून तिथं जातील का? जात नाहीत. मग सभा कागदावर होते, सह्या नंतर घरोघर फिरून घेतल्या जातात, आणि सभासदाला हळूहळू वाटायला लागतं की कंपनी संचालकांची आणि सल्लागाराची आहे. सर्वसाधारण सभेचं इतिवृत्तही नोंदणीकृत कार्यालयात ठेवायचं असतं आणि कामकाजाच्या दिवशी निदान दोन तास सभासदाला फुकट पाहू द्यायचं असतं. तो हक्क वापरायचा तर वही चालत जाण्याच्या अंतरावर हवी. एक मत, एक माणूस हे तत्त्व पत्त्यावर अवलंबून आहे, असं मी जाणीवपूर्वक म्हणतो.

आणि पाटी! कार्यालयाबाहेर कंपनीचं नाव आणि पत्ता ठळक अक्षरांत लावायचा, आणि ती अक्षरं त्या भागात चालणाऱ्या भाषेची नसतील तर त्या भाषेच्या अक्षरांतही लावायचा, असं कलम १२ मध्येच लिहिलं आहे. १९५६ च्या कायद्यातही हे होतं. म्हणजे सिरसाळ्यातल्या कंपनीची मराठी पाटी ही कंपनी कायद्याचीच आज्ञा आहे. ती नीट रंगवून घ्या. येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचली की कंपनी गावाची होते, आणि पडताळणीला आलेल्या माणसाला घर शोधावं लागत नाही.

“साहेब, गावात पत्ता द्यायचा तर कागद जमत नाहीत,” असं मला संचालक सांगतात. अडचण खरी आहे. मालकीचा कागद किंवा भाडेकरार, मालकाचं संमतिपत्र आणि दोन महिन्यांहून जुनं नसलेलं वीजबिल लागतं. गावात वीजबिल वारलेल्या आजोबांच्या नावावर, नमुना नंबर आठ वडिलांच्या नावावर आणि घरात राहतो चुलतभाऊ. याला जुगाड शोधू नका. ग्रामपंचायतीत नमुना आठवर वारसनोंद करून घ्या, महावितरणकडे नावबदलाचा अर्ज द्या. दोन-तीन महिने लागतील, पण काम एकदाच होईल. किंवा सोसायटीची वापरात नसलेली खोली रीतसर भाडेकरारानं घ्या. आणि पत्त्याची पडताळणी दाखल झाल्याशिवाय शेअर भांडवलाच्या नव्या कंपनीला कलम १०अ नुसार धंदा सुरू करता येत नाही, कर्ज उचलता येत नाही, हे बँकेत जाण्याआधी लक्षात ठेवा.

ऊसतोडीच्या महिन्यांसाठी मात्र माणूस नेमावा लागेल. गावात बारा महिने राहणारं कुणीतरी असतंच: बचत गटाच्या ताई, निवृत्त गुरुजी, सोसायटीचे गटसचिव. संचालक मंडळानं ठराव करून त्यांना पत्र स्वीकारण्याचे अधिकार द्यावेत, ठरावाची प्रत पोस्टात द्यावी. आवक नोंदवही ठेवावी. लिफाफा आला त्याच दिवशी त्याचा पुढचा-मागचा फोटो सगळ्या संचालकांना मोबाइलवर जावा. मग अध्यक्ष कर्नाटकात फडावर असला तरी नोटिशीची मुदत कधी संपते हे त्याला कळेल. कंपनीचा ईमेल कुणी उघडला, पासवर्ड कुणाकडे आहे, हेही आज घरी गेल्यावर तपासा. निबंधकाची बरीच पत्रं आता तिथंच येतात, आणि तो ईमेल कित्येकदा नेटकॅफेवाल्यानं उघडलेला असतो.

सल्लागार मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे. आपला पत्ता उसना देऊ नका. हिशेबाचं काम आपण करतच राहू. त्यासाठी कंपनीचं दार आपल्या खोलीत आणण्याची गरज नाही. ज्यांचे पत्ते आज शहरात आहेत त्यांनी विशेष ठराव करावा, ३० दिवसांत एमजीटी-१४ आणि आयएनसी-२२ हे अर्ज दाखल करावेत. दुसऱ्या निबंधकाच्या हद्दीत जायचं असेल तर प्रादेशिक संचालकांची मंजुरी लागेल. हे काम आपण या वर्षी नेहमीच्या फीत करावं, आणि ज्या कंपनीची उलाढाल अजून सुरू झालेली नाही तिच्याकडून फक्त सरकारी शुल्क घ्यावं, असं मी सुचवतो. माझ्या कार्यालयाकडून मी तसं जाहीर करतो.

दुपारच्या सत्रात यावर दोन ठराव मांडले जातील. पहिला, परिषदेच्या सदस्यांनी आपला पत्ता कोणत्याही उत्पादक कंपनीला वापरू देऊ नये. दुसरा, पत्र स्वीकारणाऱ्या व्यक्तीच्या नेमणुकीचा ठराव, आवक नोंदवहीचा नमुना आणि पाटीवरचा मजकूर असा तीन पानांचा संच मराठीत तयार करून तालुक्यातल्या प्रत्येक कंपनीला द्यावा. संच तयार करायला पाच जणांची समिती लागेल. समितीत दोन संचालक तरी असावेत, आणि त्यातली एक महिला असावी. नावं जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे द्या.