गाणे कोणाचे, तबकडी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समाजवादी विचारात मालकीचा प्रश्न केंद्रस्थानी असतो. जमीन, गिरणी, खाण, वीज या उत्पादनसाधनांच्या मालकीची चर्चा आपल्या चळवळीत वर्षानुवर्षे होत आली आहे. गाण्याच्या बाबतीत मात्र हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. गाणे गळ्यात असते आणि गळा ज्याचा त्याचा असतो, तेव्हा तेथे मालकीचा प्रश्न कोठून येणार, अशी सर्वसाधारण समजूत असते. गाणे गळ्यात असेपर्यंत ती खरीही आहे. ते तबकडीवर उतरले की परिस्थिती पालटते. तबकडीला कच्चा माल लागतो, यंत्र लागते, भांडवल लागते, विक्रीची व्यवस्था लागते. आणि ही साधने ज्याच्या हाती, त्याच्या हाती गाण्याचे आयुष्य जाते. अमेरिकेतील लोकगायक वुडी गथ्री यांच्या ध्वनिमुद्रणांचा इतिहास या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे.

गथ्री यांचा जन्म १४ जुलै १९१२ रोजी ओक्लाहोमा राज्यातील ओकीमा या गावी झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाला भाव होता, तेव्हा त्या भागातील गवताळ माळराने शेतकऱ्यांनी नांगराखाली आणली. पुढे भाव कोसळले, महामंदी आली, पाऊस गेला आणि उघडी पडलेली माती वाऱ्यावर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ च्या प्रचंड वादळात धुळीने दिवसाची रात्र झाली. कर्जाखाली दबलेली हजारो कुटुंबे घरदार सोडून कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागली आणि तेथील मळ्यांत तुटपुंज्या मजुरीवर राबू लागली. या विस्थापितांच्या लोंढ्याबरोबर गथ्रीही कॅलिफोर्नियात पोचले. लॉस एंजेलिसच्या एका नभोवाणी केंद्रावर ते गाऊ लागले, डाव्या वृत्तपत्रात सदर लिहू लागले. १९४० च्या आरंभी ते न्यू यॉर्कला आले. त्या एका वर्षात त्यांच्या गाण्याचा संबंध दोन अगदी भिन्न मालकांशी आला.

पहिला मालक म्हणजे राज्यसंस्था. लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स हे त्या वेळी वॉशिंग्टनच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस' या राष्ट्रीय ग्रंथालयात काम करीत होते. मार्च १९४० मध्ये तीन दिवस त्यांनी गथ्री यांना ध्वनिमुद्रणयंत्रासमोर बसवले. गाण्यांबरोबर त्यांच्या आठवणीही मुद्रित केल्या. कर्ज, धूळ, स्थलांतर, बेकारी यांची हकीकत ती भोगलेल्या माणसाच्या तोंडून त्याच्याच बोलीत सरकारी दप्तरात नोंदली गेली. ही राज्यसंस्थेची मोठीच कामगिरी होय. परंतु ही ध्वनिमुद्रणे 'इलेक्ट्रा' या खाजगी कंपनीने तीन तबकड्यांच्या संचात सर्वांसाठी प्रसिद्ध केली ती १९६४ साली. म्हणजे जनतेच्या पैशातून जतन झालेले जनतेचे गाणे जनतेपर्यंत पोचायला चोवीस वर्षे लागली.

दुसरा मालक म्हणजे मोठे भांडवल. जॉन स्टाइनबेक यांची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही विस्थापित शेतकऱ्यांवरील कादंबरी १९३९ साली आणि तिच्यावरील चित्रपट १९४० साली प्रसिद्ध झाला. या विषयाला गिऱ्हाईक आहे हे 'आर.सी.ए. व्हिक्टर' कंपनीच्या ध्यानात आले. २६ एप्रिल आणि ३ मे १९४० रोजी न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे तिने गथ्री यांची तेरा गाणी मुद्रित केली. 'डस्ट बोल बॅलड्स' या नावाने प्रत्येकी तीन तबकड्यांचे दोन संच जुलैमध्ये बाजारात आले. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांपेक्षा अधिक गाणे मावत नसे. त्यामुळे स्टाइनबेकच्या नायकावर रचलेले लांब कथागीत दोन बाजूंवर विभागावे लागले आणि बारा बाजूंवर अकराच गाणी बसली. उरलेली दोन गाणी कंपनीच्या कपाटात राहिली.

खप बेताचाच झाला. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस तबकड्या बाजारात मिळेनाशा झाल्या, तेव्हा त्या पुन्हा काढाव्यात अशी विनंती गथ्री यांनी कंपनीला केली. कंपनीने नकार दिला. येथे कोणाच्या दुष्टपणाचा प्रश्न नाही. ज्या मालावर अपेक्षित नफा नाही तो माल न काढणे हा भांडवली उत्पादनाचा नियम आहे आणि कंपनी त्या नियमाने वागली. पुढे साठीच्या दशकात तरुण पिढीत लोकसंगीताची लाट आली. १९६४ साली त्याच कंपनीने तीच गाणी, कपाटात राहिलेल्या दोन गाण्यांसह, पुन्हा विकायला काढली. त्या वेळी गथ्री हंटिंग्टन रोगाने जर्जर होऊन रुग्णालयात पडून होते. हात गिटारवर चालत नव्हता आणि वाचाही जात चालली होती. बाजाराला गाण्याची आठवण झाली, ती गायकाचा आवाज गेल्यानंतर.

राज्यसंस्थेशी त्यांचा दुसरा संबंध मे १९४१ मध्ये आला. कोलंबिया नदीवर धरणे बांधून स्वस्त वीज खेड्यापाड्यांत पोचवण्याचे काम 'बॉनव्हिल पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' या १९३७ साली स्थापन झालेल्या सरकारी संस्थेकडे होते. सार्वजनिक मालकीच्या विजेला खाजगी वीज कंपन्यांचा कडवा विरोध होता. लोकमत तयार करण्यासाठी एक बोलपट काढायचे ठरले आणि त्याच्या गाण्यांसाठी गथ्री यांना एका महिन्यासाठी नोकरीवर घेतले गेले. पगार २६६ डॉलर ६६ सेंट. त्या महिन्यात त्यांनी सव्वीस गाणी रचली. म्हणजे एका गाण्यामागे सुमारे दहा डॉलर पडले. सार्वजनिक विजेच्या बाजूने इतका स्वस्त आणि इतका टिकाऊ प्रचार क्वचितच कोणत्या सरकारला मिळाला असेल. 'रोल ऑन, कोलंबिया' हे गीत तर १९८७ साली वॉशिंग्टन राज्याचे अधिकृत लोकगीत झाले.

पण ज्या संस्थेने गाणी करवून घेतली, तिने ती नीट सांभाळली नाहीत. पोर्टलंड येथील तिच्या कचेरीत काही गाणी मुद्रितही झाली होती. चाळीस वर्षांनी त्यांचा माग काढायची वेळ आली तेव्हा सगळी सामग्री विखुरलेली होती. १९८० च्या दशकात बिल मर्लिन या कर्मचाऱ्याने चिकाटीने शोध घेऊन गाणी आणि जुन्या तबकड्यांवरील मुद्रणे गोळा केली आणि १९८७ साली त्यांचा संग्रह प्रसिद्ध होऊ शकला. सरकारी मालकी म्हणजे आपोआप सामाजिक मालकी होत नाही, हा धडा आपल्या विचाराच्या माणसांनी तरी विसरू नये.

तिसऱ्या प्रकारची मालकी अधिक अवघड आहे, कारण ती घरातली आहे. १९४१ च्या वसंतात 'अल्मनॅक सिंगर्स' या डाव्या गायकगटाने युद्धविरोधी गाण्यांचा एक संच काढला. अमेरिकी कम्युनिस्टांचे त्या वेळचे धोरण तेच होते. २२ जून १९४१ रोजी हिटलरने सोव्हिएत संघावर आक्रमण केले आणि धोरण उलटे फिरले. संच मागे घेण्यात आला. गथ्री त्या मुद्रणात नव्हते, संच निघाला त्या सुमारास ते ओरेगॉनमध्ये धरणाची गाणी लिहीत होते. परतल्यावर ते या गटात सामील झाले आणि त्यांनीही फॅसिझमविरोधी युद्धाची गाणी गायिली. प्रश्न युद्धाला विरोध योग्य की पाठिंबा, हा नाही. नफ्याच्या हिशेबाने कपाटबंद झालेले गाणे आणि पक्षाच्या ठरावाने मागे घेतलेले गाणे, या दोहोंत ऐकणाऱ्याला फरक वाटत नाही. गाण्याला पत्रक समजणाऱ्या कार्यकर्त्याने हे ध्यानात घ्यावे.

आता चौथ्या मालकाकडे वळू. मोझेस अ‍ॅश हे वॉर्सा येथे १९०५ साली जन्मलेले, यिद्दिश कादंबरीकार शोलेम अ‍ॅश यांचे चिरंजीव. न्यू यॉर्कमध्ये त्यांचा तबकड्यांचा छोटासा व्यवसाय होता. एप्रिल १९४४ मध्ये व्यापारी जहाजावरील नोकरीच्या दोन फेऱ्यांमधल्या अवकाशात गथ्री त्यांच्याकडे आले. सोबत जहाजावरचा सहकारी सिस्को ह्यूस्टन होता. पुढच्या काही आठवड्यांत अ‍ॅश यांनी दीडशेहून अधिक गाणी मुद्रित केली. बाजारात काय खपेल याची यादी समोर नव्हती. गायकाला जे येते ते सगळे नोंदायचे, एवढीच पद्धत होती.

मुद्रण झाले तरी तबकडी कशाची करणार? येथे या कथेचा एक धागा हिंदुस्थानापर्यंत येतो. त्या काळची तबकडी चपड्यापासून बनत असे आणि चपडा लाखेपासून. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवरील कीटक लाख स्रवतात. छोटा नागपूर आणि मध्य प्रांताच्या जंगलांतील गरीब आदिवासी ती खरवडून विकत. अमेरिकेचा चपडा प्रामुख्याने हिंदुस्थानातून जाई. युद्धामुळे समुद्रमार्ग धोक्यात आले आणि लष्करालाही चपडा हवा होता. म्हणून एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी होणारा त्याचा वापर सत्तर टक्क्यांनी कमी करण्याचा हुकूम काढला. मोठ्या कंपन्यांनी जुन्या तबकड्या गोळा करून दळल्या. अ‍ॅश यांचा कोटा अपुरा पडला, तेव्हा चपड्याचा साठा असलेल्या 'स्टिन्सन' या संस्थेशी त्यांना भागीदारी करावी लागली. भागीदारी मोडल्यावर मुद्रणांच्या मालकीचाही गुंता झाला आणि काही मूळ साचे स्टिन्सनकडेच राहिले. ते ब्रुकलिनमधील एका तळघरात सापडून त्यांवरून नवा संच निघाला तो २००९ साली. गाण्याचे भवितव्य कच्च्या मालाच्या वाटपावर कसे अवलंबून असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

अ‍ॅश यांना संत ठरवण्याचे कारण नाही. ते कलावंतांना थोडेच पैसे देत आणि त्याबद्दल तक्रारीही झाल्या. १९४८ साली त्यांची 'डिस्क' ही कंपनी दिवाळ्यात निघाली. मग मॅरिअन डिस्लर या सहकारिणीच्या मदतीने त्यांनी 'फोकवेज' सुरू केली. तिचे सूत्र व्यापाराच्या दृष्टीने वेडेपणाचे होते: एकदा काढलेली तबकडी यादीतून काढायची नाही. शब्दकोशातले एखादे अक्षर कमी वापरात आहे म्हणून कोणी ते गाळत नाही, असा त्यांचा दृष्टान्त असे. प्रती थोड्या काढायच्या, सोबत माहितीची पुस्तिका द्यायची, शाळा-ग्रंथालयांना विकायच्या आणि मागणी आली की पुन्हा थोड्या काढायच्या. व्हिक्टरने नाकारलेली धुळीची गाणी १९५० साली फोकवेजनेच पुन्हा काढली. १९१३ साली मिशिगनमधील कॅल्युमेट येथे संपकरी खाणकामगारांच्या नाताळ मेळाव्यात चेंगरून त्र्याहत्तर माणसे मेली, त्यांत बहुसंख्य मुले होती. १९१४ साली कोलोरॅडोतील लडलो येथे संपकऱ्यांच्या तंबूंवर गोळीबार झाला. या दोन्ही घटनांवरील गथ्रींची गाणी अ‍ॅश यांच्यामुळेच टिकली. खपाच्या कसोटीवर ती उतरली नसती. पण शाळेच्या पुस्तकांत ज्यांना फारशी जागा मिळाली नाही, त्या मृतांची नोंद या गाण्यांत आहे.

गथ्रींच्या सर्वांत प्रसिद्ध गीताची, 'धिस लँड इज युवर लँड' याची, कथा या सर्व प्रश्नांना एकत्र आणते. २३ फेब्रुवारी १९४० रोजी न्यू यॉर्कमधील एका स्वस्त हॉटेलात ते लिहिले गेले. देशावर ईश्वराची कृपा असल्याचे सांगणाऱ्या एका लोकप्रिय गीताला ते उत्तर होते. मूळ हस्तलिखितात दोन कडवी अशी होती, की एकात खाजगी मालमत्तेच्या भिंतीला आव्हान होते आणि दुसऱ्यात सरकारी मदतीच्या दारात ताटकळणाऱ्या भुकेल्यांचे चित्र होते. १९५१ साली फोकवेजच्या मुलांसाठीच्या तबकडीवर गीत आले ते या दोन्ही कडव्यांविना. तो मॅकार्थीच्या दहशतीचा काळ होता. शाळाशाळांतून तेच रूप गायिले गेले आणि मालकीवर प्रश्न विचारणारे गाणे निसर्गवर्णनाचे देशभक्तिगीत बनले. पण १९४४ साली मुद्रित केलेल्या एका आवृत्तीत मालमत्तेचे कडवे होते. ती संग्रहात पडून होती आणि १९९७ साली प्रसिद्ध झाली. १८ जानेवारी २००९ रोजी ओबामांच्या शपथविधीच्या निमित्ताने लिंकन स्मारकापाशी झालेल्या कार्यक्रमात, नव्वदीला टेकलेल्या पीट सीगर यांनी गाळलेल्या कडव्यांसह ते गीत लोकांकडून म्हणवून घेतले. एक मुद्रण कोणी फेकून दिले नाही, म्हणून कवीचा खरा शब्द त्याच्याच आवाजात परत आला.

सगळ्यांची भूमी म्हणणाऱ्या या गीतावर मात्र खाजगी हक्क सांगितला गेला. २००४ साली एका विडंबनावरून प्रकाशकाने कायद्याची धमकी दिली. तेव्हा १९४५ च्या एका गीतपुस्तिकेच्या आधारे प्रतिपक्षाने असे दाखवले, की हक्काची मुदत १९७३ मध्येच संपली असली पाहिजे. प्रकरण आपसात मिटले.

ऑक्टोबर १९८६ मध्ये अ‍ॅश वारले. त्यांच्या यादीत दोन हजारांहून अधिक तबकड्या होत्या. १९८७ साली 'स्मिथसोनियन' या राष्ट्रीय संस्थेने तो सर्व संग्रह घेतला, तो एका अटीवर: यादीतील प्रत्येक तबकडी लोकांना मिळत राहिली पाहिजे. या खरेदीसाठी नामवंत गायकांनी गथ्री आणि लेडबेली यांची गाणी गाऊन १९८८ साली एक तबकडी काढली, आणि ती काढली कोलंबिया या बड्या कंपनीने. साधन भांडवलाचे आणि प्रयोजन समाजाचे, असाही योग कधी जुळतो.

या इतिहासाचा निष्कर्ष काय? ग्रंथालयाने जपले, पण लोकांपर्यंत पोचवायला उशीर केला. कंपनीने पोचवले, पण टिकवले नाही. वीजसंस्थेने गाणी करवून घेतली आणि विसरली. राजकारणाने गाणी पुढे केली आणि मागेही घेतली. मालक बदलल्याने यांतील कोणताही दोष आपोआप गेला नाही. स्मिथसोनियनच्या करारातील अटीने मात्र तो गेला, कारण त्या अटीने मालकाच्या मर्जीवर लोकांचा हक्क बसवला. जमीन असो, वीज असो वा गाणे असो, सामाजिक मालकीचा खरा अर्थ त्या अटीत आहे. सार्वजनिक संस्थेची मागणी करताना 'ताबा कोणाचा' याच्याबरोबर 'दार कोणासाठी आणि किती काळ उघडे राहणार' हेही कागदावर लिहून घेतले पाहिजे. ते लिहून घेणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.